जुनी गाडी, गेलेला गिअरबॉक्स आणि डब्यात न टाकलेला घसारा



या विषयावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पण हिशेब ऐकून डोक्यात राहत नाही, तो वहीत उतरवावा लागतो. म्हणून हा लेख. शेजारी वही-पेन घेऊन बसा.

सांगलीच्या आमच्या बॅचमध्ये तासगावकडचे एक दादा आहेत. स्वतःची पिकअप आहे, गाडीचं वय अकरा वर्षं. द्राक्षाच्या हंगामात ते पुण्याच्या मार्केट यार्डात माल पोचवतात, एरवी बेदाणा, भाजीपाला, खत, जे मिळेल ते. एका शनिवारी ते आलेच नाहीत. दुपारी फोन आला, "सर, गाडीनं दगा दिला. रात्री खंबाटकीला गिअरबॉक्स गेला."

त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, ही गोष्ट मांडतोय.

दीड टन द्राक्षं भरून ते रात्री निघाले. कराड, सातारा मागे पडलं. सुरूर फाटा सोडून बोगद्याच्या चढाला लागले आणि तिसरा गिअर सुटला. दुसरा टाकायला गेले तर आत दगड फिरल्यासारखा आवाज. त्यानंतर इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच सोडलेला, तरी गाडी जागची हलेना. फोनाफोनी करून सुरूर फाट्याहून दुसरी पिकअप मागवली. रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात एकेक क्रेट या गाडीतून त्या गाडीत. माल यार्डात पोचला तेव्हा सकाळचे सौदे उरकत आले होते. मिळेल त्या दराला द्यावा लागला. गाडी टोचन करून साताऱ्याला आणली.

मी त्यांना एकच विचारलं, "दादा, तिसरा गिअर कधीपासून सुटत होता?"

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन महिने झाले असतील. चढाला हातानं दाबून धरायचो."

म्हणजे गाडीनं दगा दिला नव्हता. गाडी दोन महिने सांगत होती. आपल्याला ऐकायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर ऐकून गॅरेजला न्यायला पैसे बाजूला काढलेले नव्हते.

बिल किती आलं आणि नुकसान किती झालं

दादांना विचारा, गिअरबॉक्सला किती गेले? ते सांगतात, चौतीस हजार. आपण सगळे असंच सांगतो. आम्ही वर्गात फळ्यावर पूर्ण हिशेब मांडला:

गिअरबॉक्सचं काम: 34,000 रुपये
टोचन: 6,000 रुपये
त्या रात्रीची दुसरी गाडी: 7,500 रुपये
उशिरा पोचल्यामुळे दरात बसलेला फटका: 18,000 रुपये
हंगामात पाच दिवस गाडी उभी, रोजचे 2,500 प्रमाणे: 12,500 रुपये

एकूण 78,000 रुपये. गॅरेजचं बिल निम्म्याहूनही कमी! साताऱ्याच्या फिटरनं गिअरबॉक्स उघडल्यावर सांगितलं होतं, "गिअर सुटायला लागला तेव्हाच आला असता तर बारा-चौदा हजारांत भागलं असतं." तुमचे आकडे वेगळे येतील. पण ही पाच ओळींची यादी तुमच्या वहीत हवीच, कारण बिघाडाची खरी किंमत गॅरेजच्या बिलात कधीच पूर्ण दिसत नाही.

गाडी काय सांगते ते ओळखा

मी मेकॅनिक नाही. पण मालकाला एवढं कळलंच पाहिजे, नाहीतर गॅरेजमध्ये आपण फक्त मान हलवत उभे राहतो.

पहिला प्रश्न, क्लच की गिअरबॉक्स? चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर संशय क्लच प्लेटवर. साधी खात्री करता येते. सपाट मोकळ्या जागी, पुढे-मागे कुणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच पकडतोय. इंजिन फिरतच राहिलं तर क्लच घसरतोय. ही परीक्षा एकदाच करा, वारंवार केली तर उरलीसुरली प्लेटही जाईल.

दुसरा प्रश्न, आवाज कधी येतो? क्लच दाबल्यावर येत असेल तर रिलीज बेअरिंग बघायला सांगा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. एकाच गिअरमध्ये घरघर असेल तर त्या गिअरचे दात. गिअर टाकताना खरखर होत असेल तर सिंक्रो रिंग झिजली असेल, किंवा क्लच पूर्ण सुटत नसेल. आणि गिअर आपोआप सुटत असेल तर आतला हब, फोर्क, स्प्रिंग यांपैकी काहीतरी. कधी कधी तर नुसतं माउंटिंगचं रबर बसलेलं असतं, आणि काम फार स्वस्तात होतं. पण दाखवलं तर!

तिसरी गोष्ट ऑइल. इंजिन ऑइल आपण आठवणीनं बदलतो, गिअर ऑइल बदलल्याचं किती जणांना आठवतं? ते जळत नाही, म्हणून विसरलं जातं. पण ऑइल सीलमधून थेंब थेंब गळत राहतं, आणि ऑइल कमी झालेला गिअरबॉक्स कोरडा फिरतो. गाडी जिथं रात्री उभी असते तिथली जमीन रोज सकाळी बघा. ऑइल बदलताना जुनं ऑइल बोटांवर घेऊन बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं ही साधी झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचे तुकडे दिसले तर गाडी घाटात न्यायची नाही, आधी गिअरबॉक्स उघडायचा. ऑइल कुठलं आणि किती, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. "कुठलंही चालतंय" म्हणणाऱ्याकडून भरून घेऊ नका.

हाताच्या आणि पायाच्या सवयी

ड्रायव्हर ठेवला असेल तर हे त्याला वाचून दाखवा. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवायची नाही, आत फोर्कवर सतत दाब येतो. क्लचवर पाय टेकवून ठेवायचा नाही. चढाला गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, त्याला हँडब्रेक आहे. आणि पसरणी घाट असो की कुंभार्ली, उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून लागेनासे होतात. इथं पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

टोचन करतानाची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्यावा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल नीट फिरत नाही, पण चाकांबरोबर आतले भाग फिरत राहतात. बरा असलेला भागही त्यात खराब होतो.

सांगलीकरांसाठी वेगळी सूचना. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही महापूर आपण बघितले. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी वाळवून, पुसून, सुरू झाली म्हणून कामाला लावू नका. हवा जाण्यासाठी गिअरबॉक्सला आणि मागच्या डिफरन्शियलला जी छोटी वाट असते, तिथून किंवा सीलमधून पाणी आत जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं पाणी मिसळलंय. ते लगेच काढलं तर काम ऑइलवर भागू शकतं. तसंच चालवलं तर बेअरिंगला गंज धरतो आणि काही महिन्यांनी बिल येतं. तेव्हा पुराची आठवणही राहिलेली नसते.

दुरुस्त करू की विकू?

गिअरबॉक्स गेल्यावर पहिला विचार येतो, "आता ही गाडी नकोच." दादाही तेच म्हणत होते. रागाच्या भरात गाडी विकायची नाही. बंद गाडी भंगाराच्या भावानं मागतात, चालू गाडी गाडीच्या भावानं. विकायची असली तरी आधी हिशेब करा.

बहुतेक जण दुरुस्तीचं बिल गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघतात. "दोन लाखांच्या गाडीला चौतीस हजार कशाला?" ही तुलना चुकीची आहे. दुरुस्तीसह ही गाडी पुढचं एक वर्ष चालवायचा खर्च एका बाजूला लिहा, नव्या गाडीचा एका वर्षाचा खर्च दुसऱ्या बाजूला.

समजा नव्या गाडीसाठी 8 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे 17,000, म्हणजे वर्षाला 2 लाख 4 हजार. वर डाउन पेमेंट आणि नव्या गाडीचा जास्तीचा विमा. जुन्या गाडीची सगळी दुरुस्ती, टायर आणि उभ्या राहिलेल्या दिवसांचं नुकसान धरून वर्षाला सव्वा लाख होत असेल, तर जुनी गाडी अजूनही स्वस्त आहे. शिवाय हप्ता काम नसलेल्या महिन्यातही भरावा लागतो.

मग विकायची कधी? चासीला गंज धरला असेल, इंजिनही ऑइल खायला लागलं असेल आणि एका वर्षात दोन मोठी कामं निघाली असतील, तर. किंवा गाडी उभी राहिल्यामुळे बांधलेलं गिऱ्हाईक तुटायला लागलं असेल, तर. पासिंगही लक्षात घ्या. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो, आणि गाडीचं वय वाढतं तशी पासिंगची फीही वाढते. हे आकडे जुन्या गाडीच्या बाजूला लिहायला विसरू नका. विम्यावर मात्र विसंबू नका, साध्या मोटार पॉलिसीत झीज आणि यंत्रातला बिघाड धरलेला नसतो.

दुरुस्ती करायची ठरली तर आतलं सामान बदलून तोच गिअरबॉक्स बसवायचा, की जुन्या बाजारातला दुसरा आणायचा? दुसरा लवकर बसतो, पण त्याच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. आणायचाच तर उघडून, बघून, मग बसवा. गिअरबॉक्स उतरवलेलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील त्याच वेळी तपासून घ्या, म्हणजे उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा पडणार नाही. बदललेले जुने भाग परत मागा. पक्कं बिल घ्या आणि किती दिवसांची हमी ते बिलावर लिहून घ्या.

घसारा: कागदावर आहे, डब्यात नाही

आता मूळ दुखणं. दादांचे हिशेब एक सीए बघतात. भाड्यानं चालणाऱ्या मालवाहू गाडीवर आयकरात 30 टक्के घसारा मिळतो, दरवर्षी उरलेल्या रकमेवर. सात लाखांची गाडी अकरा वर्षांनी वहीत उरते चौदा हजारांच्या आसपास. म्हणजे कागदोपत्री जवळजवळ सगळी गाडी झिजून गेली, तसं दादांनी दरवर्षी सही करून मान्यही केलं. पण त्या झिजेचे पैसे बाजूला ठेवले का? एक रुपयाही नाही.

का नाही? कारण भाडं ठरवताना आपण डिझेल धरतो, ड्रायव्हर धरतो, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूरचा टोल धरतो. गाडीची झीज धरत नाही. उरलेलं सगळं नफा समजून घरखर्चाला, लग्नकार्याला, बोअरला जातं. तो नफा नव्हताच मित्रांनो. त्यातला काही भाग गिअरबॉक्सचा होता.

दादांनी त्या शनिवारनंतर एक वेगळं बँक खातं उघडलं. गाडी महिन्याला साधारण 3,000 किलोमीटर चालते. दर किलोमीटरला तीन रुपये त्या खात्यात. दोन रुपये दुरुस्तीचे, एक रुपया पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटचा. महिन्याला 9,000, वर्षाला 1 लाख 8 हजार. पहिल्या दोन महिन्यांत जड गेलं. मग त्यांनी दोन गिऱ्हाइकांशी भाड्याचं बोलून घेतलं. एकानं वाढवून दिलं. दुसरा म्हणाला, परवडत नाही. ते काम दादांनी सोडलं. त्यावर ते मला म्हणाले, "सर, ते काम मी अकरा वर्षं गाडीच्या जिवावर करत होतो, नफ्यावर नाही." मला वाटतं, त्या दिवशी ते खऱ्या अर्थानं धंदेवाले झाले.

तुमचा गृहपाठ

एक. आज गाडीचं मीटर बघून वहीत लिहा. गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं ते लिहा. आठवत नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या.

दोन. गाडी सध्या काय सांगतेय, कुठला आवाज, कुठला गिअर, कुठली गळती, ते तारखेसह लिहा. हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस गाडी उभी करून ती यादी फिटरच्या हातात द्या.

तीन. मागच्या बारा महिन्यांतला गाडीचा सगळा खर्च, उभ्या दिवसांसह, किलोमीटरनं भागा. आलेला आकडा भाड्यात धरलाय का ते तपासा.

चार. वेगळं खातं. तीन रुपये जमत नसतील तर एक रुपयानं सुरू करा, पण या महिन्यापासून.

ता. क. दादांची पिकअप अजून चालू आहे. पुढच्या हंगामाआधी ती एक दिवस साताऱ्याच्या त्याच फिटरकडे उभी असणार आहे. तारीख त्यांनी वहीत लिहून ठेवली आहे. तुमची तारीख कुठली?