कारवानीची नजर

कारवानी कुत्रं उभं राहिलं की आधी लांब बघतं. बांधापलीकडची तूर हलली, टेकाडाच्या कडेला काही सरकलं, की मान ताठ होते, कान मागे जातात आणि पुढच्या क्षणी ते जागेवर नसतं. शेजारी माणूस उभा आहे याची दखल ते नंतर घेतं, घेतलीच तर. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली या पट्ट्यात ज्यांनी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांना यात काही वावगं वाटत नाही. शहरातून आलेला माणूस मात्र दोन हाका मारतो आणि म्हणतो, हे हट्टी आहे, याला काही कळत नाही.

मला हे ऐकवत नाही. ससा उठला की कुत्र्याने पळायचं आणि मालकाने मागून धापा टाकत यायचं, अशी त्याच्या शिकारीच्या कामाची रीत होती. वळायचं कुठे, अंतर कसं कापायचं, झडप कधी घालायची, हे विचारायला त्या वेळी जवळ कोणी नसे. जे कुत्रं स्वतः ठरवू शकायचं त्याचीच पिल्लं पुढे ठेवली गेली. मेंढपाळाच्या इशाऱ्यावर कळप वळवणाऱ्या विलायती बॉर्डर कोलीची निवड नेमकी उलट झाली. तिने दर दोन पावलांना माणसाकडे बघावं, हीच तिच्याकडून अपेक्षा होती. ॲजिलिटी या कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या खेळाच्या जागतिक मैदानांवर आज कोली सगळीकडे दिसते आणि कारवानी जवळपास कुठेच दिसत नाही, ते यामुळे.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये आला. आता सशामागे कुत्री घालणं हा गुन्हा आहे आणि तसंच असायला हवं. कुत्र्याच्या अंगातली धाव मात्र तशीच राहिली. दारात साखळीला बांधलेली कारवानी खड्डे उकरते, रात्रभर रडते, सुटली की कोंबड्यांत शिरते. आमची हरणी धाराशिवकडच्या एका वस्तीवरून आली, तेव्हा तिला काहीतरी काम द्यायला हवं हे पहिल्या आठवड्यातच कळलं. वेरूळला आमच्या वावरात तिच्यासाठी अडथळ्यांचं मैदान उभं राहिलं ते त्यासाठी.

ॲजिलिटी हा प्रकार फार जुना नाही. 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरायला जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून कुत्र्यांसाठी अडथळ्यांचा खेळ बसवला. लोकांना तो इतका आवडला की त्याची पुढे स्वतंत्र स्पर्धा झाली. उडीचे दांडे, बोगदा, दोन्हीकडून उतार असलेली ए-फ्रेम, उंच फळी, सी-सॉ, नागमोडी धावायला उभ्या काठ्यांची रांग. कुत्र्याच्या गळ्यात दोरी नसते, मालकाने त्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. नुसत्या हाताच्या, खांद्याच्या आणि आवाजाच्या खुणेवर पुढचा अडथळा कुठला हे त्याने ओळखायचं. म्हणजे ज्या कुत्र्याला माणसाकडे बघायची सवयच नाही, त्याला पळता पळता माणसाकडे बघायला शिकवायचं. कारवानीसाठी यातली उडी सोपी आहे. दोन फुटांचा दांडा ती सहज पार करते. कठीण आहे ते मान वळवणं.

मक्याचं पीक निघालं की वावर मोकळं होतं. आधी सराटे वेचावे लागतात. हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही, कारण पंजात एक सराटा रुतला की कुत्रं त्या जागेला काटा समजतं आणि तिथे पुन्हा मन लावून धावत नाही. काळी जमीन चैत्रात दगडासारखी होते, म्हणून उडीच्या जागी पोयट्याची माती आणि भुसा पसरतो. दांडे पीव्हीसीच्या पाइपचे, आणि ते नुसते टेकवलेले, धक्का लागला की पडणारे. बोगदा ठिबकच्या जाड नळीच्या कमानींवर ताडपत्री शिवून केला आणि दोन्ही बाजूंना वाळूच्या गोण्या लावल्या, कारण आत शिरल्यावर तो हलला तर कुत्रं पुन्हा तोंड घालत नाही. हरणीची हाडं पक्की होईपर्यंत दांडा जमिनीवरच ठेवला होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला उतरवत नाहीत, ते याच कारणाने.

पण हे सगळं सामान बराच काळ कोपऱ्यात पडून राहिलं. सुरुवात एका गोणपाटाने झाली.

गोणपाट पसरायचं, आपण बाजूला बसायचं आणि काही बोलायचं नाही. कुत्रं फिरतं, हुंगतं, जातं, येतं. कधीतरी त्याचा पाय गोणपाटावर पडतो. त्याच क्षणी जिभेचा एक टक्‌ आवाज आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या काळजाचा तुकडा. पुन्हा शांत. हळूहळू पायाच्या जागी चारही पाय येतात, मग पोट टेकतं. हरणीला मी ‘बस’ शिकवलं नाही. या जातीच्या अंगावर मांस कमी, मांड्या लांब. कडक जमिनीवर बुड टेकून बसणं त्यांना अवघड जातं. उभं राहून थांबणं किंवा मऊ गोणपाटावर पसरणं त्यांना मानवतं, म्हणून तेच मागायचं. गोणपाट आता सगळीकडे बरोबर असतं. पाहुणे आले की ते अंगणात पडतं आणि ती त्यावर जाऊन पडते. कोणाच्या अंगावर उडी नाही, ताटात तोंड नाही. मैदानात धाव सुरू करण्याआधी ते पहिल्या दांड्यामागे पडतं. घरातली शिस्त आणि मैदानातला धीर हे तिच्या दृष्टीने एकच काम आहे.

खरी परीक्षा शेळ्यांची. संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या बांधाच्या वाटेने घरी जातात. पूर्वी त्यांची घंटी ऐकली की हरणीच्या पाठीचा केस न्‌ केस उभा राहायचा. अशा वेळी हाका मारून, दोरी ओढून तिची नजर फिरवता येत नाही. ओढलं की ती आणखी ताणते. लेस्ली मॅकडेव्हिट या अमेरिकन प्रशिक्षिकेने 2007 च्या ‘कंट्रोल अनलीश्ड’ या पुस्तकात एक खेळ सांगितला आहे, तो इथे कामाला आला. कुत्र्याने त्या गोष्टीकडे बघावं, ही परवानगीच द्यायची. बघितलं की टक्‌, आणि खाऊ घ्यायला मान माझ्याकडे. पुन्हा शेळीकडे, पुन्हा टक्‌, पुन्हा मान. अंतर मात्र भरपूर हवं. जवळ गेलं तर डोळे गोठतात, कान बंद होतात, काळीज नाकासमोर धरलं तरी वास येत नाही.

ते अंतर ओळखणं हेच शिकवणाऱ्याचं कसब. मी तिचं तोंड बघतो. तोंड किंचित उघडं, जीभ सैल असेल तर ती अजून शिकण्याच्या स्थितीत आहे. ओठ मिटले, पुढचा एक पंजा अधांतरी राहिला, शेपटीचं टोक थिजलं, की दहा पावलं मागे. दोरी माझा पुतण्या धरायचा. एका संध्याकाळी शेळ्या वाटेवर होत्या, मी अजून टक्‌ केलं नव्हतं, आणि हरणीने शेळीकडे बघून आपणहून मान वळवली. “काका, ती विचारतीय तुम्हाला!” पोरगं ओरडलं. त्याने बरोबर ओळखलं होतं. आज्ञा नव्हती, खाऊ दिसत नव्हता, तरी ती वळली. स्वतः ठरवणाऱ्या कुत्र्याने माझ्याकडे बघायचं ठरवलं होतं. अशा लक्षावरच पुढचं सगळं उभं राहतं, कारण धावताना मी मागे पडणार आणि ओढायला हातात दोरी नसणार.

आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ येऊन बसायचे, तरुणपणी त्यांनी कारवानी पाळली होती. “अहो, याला कशाला नाचवता? हे पळायचं जनावर हाय,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यातूनच मला पुढची वाट सापडली. काळजाचा तुकडा हे हरणीचं खरं बक्षीस नव्हतं, पळणं हे होतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी मांडलेला नियमही हाच सांगतो की प्राण्याला जे करायला फार आवडतं, ते कमी आवडीच्या कामाचं बक्षीस ठरू शकतं. मग मी लांब दोरीला सशाच्या रंगाची चिंधी बांधली. हरणी दांड्यामागे थांबते, मी दूर जातो, ती माझ्या डोळ्यांत बघते, आणि तेव्हा ‘छू’. गावात ज्या शब्दाने कुत्री अंगावर सोडतात, त्याच शब्दावर आमच्याकडे चिंधी उडते. तोंड मिटून, श्वास रोखून थरथरत थांबलेली असेल तर छू नाही. सैल होऊन थांबली तरच. थांबण्यातूनच धाव मिळते हे तिला उमगलं, तशी तिची थांबण्याची खात्री वाढत गेली.

ए-फ्रेमची गोष्ट वेगळी. दोन्ही बाजूंच्या फळ्यांचा खालचा भाग पिवळा रंगवलेला असतो, आणि उतरताना त्या रंगावर निदान एक पंजा पडलाच पाहिजे. हा नियम कुत्र्याने वरून उडी टाकून खांदे मोडून घेऊ नयेत म्हणून आहे. कारवानीची ढांग इतकी लांब की शिखरावरून ती थेट जमिनीवर येते. म्हणून तिला उतारावर शेवटी थांबायला शिकवलं, मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन मातीत. सराव जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीच्या कडेने. मी समोर वाकून हात दाखवला की ती पूर्ण उतरून माझ्याकडे यायची. हात मागे घेऊन सरळ उभा राहिलो की पुढचे पाय मातीत टेकून ती थबकायची. कुत्रं माणसाच्या शब्दांपेक्षा त्याचं अंग जास्त वाचतं. तिच्या मागच्या पायांना आपण फळीवर आहोत हे आधी ठाऊकच नव्हतं. ती जाणीव यायला कितीतरी सकाळी गेल्या. ती आल्यावर फळी उभारली, एकेक वीट वाढवत.

काठ्यांच्या रांगेबद्दल थोडंच सांगतो. बारा काठ्या, दोन काठ्यांत साठ सेंटिमीटर अंतर, पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला राहील असा प्रवेश. सुरुवातीला काठ्यांच्या दोन ओळी करून मधून सरळ वाट ठेवायची आणि ती वाट रोज थोडी आवळायची. लांब पाठीच्या कुत्र्याला यात वेग कमीच मिळतो. त्याची मला खंत नाही.

वेरूळचा एक फायदा दुसरीकडे मिळाला नसता. मंगळवारी लेणी बंद असतात, रस्ता सुना असतो. नवीन धडा त्या दिवशी लेण्यांच्या वाटेवर न्यायचा. बुधवारपासून बसगाड्या, फुगेवाले, मक्याची कणसं भाजणारे, पर्यटकांच्या हातातली बिस्किटं, आणि झाडांवरून उतरणारी वानरं. गर्दी वाढवत न्यायची झाली तर याहून चांगली पायरी नाही. श्रावणात घृष्णेश्वराला रीघ लागते तेव्हा मी तिला नेत नाही. तिथे लहान मुलं, अनवाणी पाय आणि ढकलाढकली असते आणि तिच्याकडून तेवढं मागणं न्याय्य नाही.

वाटेवर गावातली मोकळी कुत्री भेटतात. त्यांनाही कोणी काही शिकवलेलं नसतं, पण माणूस त्यांना उत्तम कळतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने अशाच रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले आहेत. अनोळखी माणसाने बोट दाखवलं तर त्यातली बरीचशी बोटाच्या दिशेने जातात. अनोळखी माणसावर विश्वास बसायला त्यांना खाऊपेक्षा प्रेमाने फिरवलेला हात अधिक उपयोगी पडतो, असंही या गटाला दिसलं. हे वाचल्यापासून प्रत्येक सरावानंतर मी खाऊची पिशवी बाजूला ठेवून हरणीच्या कानामागे खाजवत बसतो. ती डोळे मिटते आणि सगळा भार माझ्या गुडघ्यावर टाकते.

वेरूळ हे मालोजीराजे भोसल्यांचं गाव. मुधोळचे घोरपडे आपलं कुळ भोसल्यांशी जोडतात, आणि हीच जात मुधोळ हाउंड या नावाने वाढवण्याचं श्रेय त्याच घराण्याला दिलं जातं. त्यांच्यापैकी मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याचं सांगतात. 2005 मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. सैन्यानेही ही कुत्री मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात पोलिसांच्या रॉकीने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात साथ दिली आणि 2020 मध्ये तो गेला तेव्हा पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. मराठवाड्यात कुत्र्याचं काम लोकांना समजतं. शूलिभंजनच्या डोंगरावर दत्त मलंगाच्या वेषात कुत्री घेऊन एकनाथांना भेटले, ही कथा इथली पोरंही सांगतात. तरी कारवानीला साखळीला बांधून ‘राखण करते’ एवढ्यावरच समाधान मानलं जातं, याचं मला वाईट वाटतं. राखण तिचं काम नव्हतंच.

मार्च लागला की सराव सकाळी सातच्या आत संपवावा लागतो. या जातीची कातडी पातळ असते आणि अंगावर चरबी नसते. धावताना जीभ एका बाजूला रुंद पसरली, डोळे लाल झाले की त्या दिवशी बोगदाही नको. सावलीत पाणी, पंजे तपासायचे, नखांच्या बुडाशी माती अडकली असेल तर काढायची.

सध्या आमचं सी-सॉ चाललंय. फळी कलून जमिनीवर आपटते तो आवाज हरणीला खपत नाही. म्हणून फळीच्या दोन्ही टोकांखाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे लावलेत आणि पुतण्या दुसरं टोक हाताने धरून हळूच खाली सोडतो. काल तिने मध्यापर्यंत चालून जाऊन पाय रोवले, फळी किंचित कलली, ती थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी टक्‌ केलं. उद्या टायरचा एक थर काढायचा आहे.