साथीचा रोग आणि लोकमत

कोरोनाची साथ ओसरली, तिच्या आठवणीही आता पुसट होऊ लागल्या आहेत. परंतु त्या काळात समाज कसा वागला, लोकांची मते कशी बनली आणि कशी बदलली, याचा विचार आपल्या सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. रँडच्या हाताखालील गोरे सोजीर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. लोकांस रोगापेक्षा झडतीचे भय अधिक वाटू लागले. रोगी लपविले जाऊ लागले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू आपल्या चिंचवडचेच. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मात्र वेगळा मार्ग दाखविला. डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याला शिवणे समाज विटाळ मानीत होता, त्याला त्यांनी पाठीवर घेतले.

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. २२ मार्च रोजी लोकांनी डॉक्टर व परिचारिकांसाठी टाळ्या-थाळ्या वाजविल्या. परंतु देशात अनेक ठिकाणी याच लोकांना घरमालक खोली सोडावयास सांगू लागले, काही ठिकाणी त्यांच्यावर हल्लेही झाले. अखेर बरोबर एका महिन्याने, २२ एप्रिल रोजी, त्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. भयग्रस्त लोकमत किती लवकर उलटते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आपल्या पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात कारखान्यांचे भोंगे थांबले. हातावर पोट असलेल्या कंत्राटी कामगारांची मजुरी बुडाली. खोलीभाडे आणि किराणा यांचा मेळ बसेना. बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार परतू लागले, तसेच मराठवाडा, विदर्भातील आपले बांधवही गावाकडे निघाले. महाराष्ट्रातील कित्येक गावांनी वाटेवर काटे-दगड टाकून रस्ते अडविले. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना शाळेत वेगळे ठेवण्यात आले. रोग पसरू नये म्हणून वेगळे राहणे शास्त्रीय होते. पण मुदत संपल्यावरही त्या माणसाकडे संशयाने पाहणे, यात शास्त्र कोणते? वेशीबाहेर राहण्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजास कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच ‘सामाजिक अंतर’ हा शब्द आपल्याला खटकला. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्दप्रयोग अधिक योग्य मानला. अंतर शरीराचे हवे, समाजाचे नव्हे.

लोकमत सुधारतेही. १४ एप्रिल २०२० रोजी मिरवणुकीचा उत्साह बाजूस ठेवून लोकांनी बाबासाहेबांची जयंती घरोघरी साजरी केली. ही शिस्त दंडुक्याने आलेली नव्हती, ती समजुतीतून आली होती. लसीचेही तसेच. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा अफवांमुळे अनेकजण कचरत होते. दुसऱ्या लाटेने प्राणवायूसाठी धावाधाव करावयास लावली आणि मग लसीकरण केंद्रांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या. शेजारच्याने लस घेतली, तो धडधाकट आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुष्कळांचे भय गेले.

यातून काय घ्यावे? सक्तीने लोक रोग लपवितात, विश्वासाने ते उपचारासाठी पुढे येतात. ऐकीव गोष्ट केवळ ऐकली म्हणून खरी मानू नये, ही भगवान बुद्धांची कालामांना दिलेली शिकवण अशा वेळी फारच उपयोगी पडते. पुढे पुन्हा साथ आली, तर आपल्या वस्तीतील विद्यार्थ्यांनी दोन कामे करावीत : बातमीची शहानिशा करावी, आणि आजारी शेजाऱ्याच्या दारात डबा पोहोचवावा. रोगापासून दूर राहू या. रोग्यापासून मनाने दूर जाऊ नये.