चिमूटभर मिठाचा धडा
डायपरमधून काढलेली सोडियम पॉलिॲक्रिलेटची पूड पेल्यात घालून वर पाणी ओतले, की थोड्याच वेळात पेला उपडा केला तरी थेंब पडत नाही. वर्गात टाळ्या वाजतात आणि बहुतेक ठिकाणी प्रयोग इथेच संपतो. पूड स्पंजासारखी पाणी शोषते, एवढेच वहीत उतरते, आणि तेच चुकीचे आहे. स्पंजाच्या पोकळ्यांतले पाणी दाबले की बाहेर येते. फुगलेला जेल दाबला तर त्याचे तुकडे होतात, पाणी मात्र सहज सुटत नाही. पण त्यावर मीठ घालून ढवळले, की तोच जेल आक्रसतो आणि पेल्यात पुन्हा पाणी दिसू लागते. रेणूंचा धडा खरे तर इथून सुरू व्हायला हवा, कारण पोकळ्यांच्या कल्पनेने हे कोडे सुटतच नाही. पॉलिमरच्या लांब साखळीवर ऋणभारित कार्बोक्झिलेट गट असतात आणि त्यांच्या सोबतीला सोडियमचे धनभारित आयन. पाणी मिळताच हे आयन मोकळे होतात, पण साखळीच्या विद्युतभारामुळे जेल सोडून जाऊ शकत नाहीत. आत आयनांची दाटी, बाहेर जवळजवळ शुद्ध पाणी, म्हणून पाणी आत येत राहते. साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे आडबंध ताणले गेले की फुगणे थांबते; ते नसते तर पूड विरघळून नुसता चिकट द्रव उरला असता. बाहेर मीठ आले, की आतबाहेरच्या आयनांमधला फरक घटतो. म्हणूनच ऊर्ध्वपातित पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरणारी ही पूड ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात काही दशपटींवरच थांबते.

नववीच्या मुलांना हे जड जाईल, परासरण सांगितले की पुरे, असा आक्षेप घेतला जातो. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते हे मुलांनी पाहिलेले असते, तेव्हा तेवढ्यावर भागेल असे वाटणे साहजिक आहे. पण मिठाऐवजी साखर घेऊन पाहा. कैरीला साखरेनेही पाणी सुटते, जेल मात्र फारसा आक्रसत नाही. साखरेचे रेणू भाररहित असतात आणि जेलमध्ये सहज शिरतात, त्यामुळे आयनांचा फरक बहुतांशी तसाच राहतो. साखर घालण्याआधी काय होईल ते मुलांकडून लिहून घ्यावे. सूत्रांची गरज नाही. अंदाज चुकला की आयनांचा विचार करावाच लागतो. (पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये, आणि जेल मोरीत ओतू नये.) वेळ उरला तर कॅल्शियम क्लोराइडही वापरावे. कॅल्शियमचा एक आयन दोन कार्बोक्झिलेट गटांना बांधून ठेवतो, म्हणून जेल मिठापेक्षाही घट्ट आक्रसतो. महाराष्ट्रात हा भाग वगळू नये, कारण कोरडवाहू शेतीसाठी हायड्रोजेल विकले जाते आणि इथल्या अनेक विहिरींचे पाणी जड, म्हणजे कॅल्शियमयुक्त असते. पाकिटावरचा शोषणाचा आकडा कोणत्या पाण्यात मोजला, हा प्रश्न अशा वर्गातला विद्यार्थी दुकानदाराला विचारू शकतो.