शिक्षणाकडून कामाकडे – भाग ६ : एसटीच्या टप्प्यातली उमेदवारी

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेची प्रायोगिक फेरी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा देशातल्या बड्या कंपन्यांनी सव्वा लाखाहून अधिक जागा जाहीर केल्या होत्या. अर्ज सहा लाखांच्या वर आले. कंपन्यांनी सुमारे ८२ हजार जागांसाठी निवडपत्रे पाठवली, त्यांतली २८ हजारांच्या आसपास स्वीकारली गेली, आणि प्रत्यक्ष कामावर रुजू झालेल्यांची संख्या नऊ हजारांपर्यंतही पोचली नाही. मागच्या आठवड्यात आपण अर्जाची कागदपत्रे पाहिली. अर्ज नीट भरला की निम्मे काम झाले, असे तेव्हा वाटले असेल, तर हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. अर्ज भरला गेला, निवडही झाली, आणि तरी दहातले नऊ जण गेले नाहीत. ठिकाण लांबचे, मुदत मोठी आणि काम आपल्या शिक्षणाशी न जुळणारे, अशी कारणे पुढे आली. त्यांतले पहिले कारण मला सर्वांत वजनदार वाटते, आणि आजचा सगळा भाग त्याच्यावरच आहे.

बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा प्रकल्पाशेजारी पाली हे गाव आहे. तिथल्या एखाद्या बी.कॉम. झालेल्या मुलीला चाकणची कंपनी मिळाली, असे समजा. प्रायोगिक फेरीत योजनेचे विद्यावेतन महिना ५,००० रुपये होते; त्यांतले साडेचार हजार केंद्र सरकारचे, पाचशे कंपनीचे. सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये मिळत. मुदत बारा महिने. पाच हजारांत खोलीचे भाडे, खानावळ आणि गावाकडच्या फेऱ्या भागत नाहीत, म्हणजे वरचे पैसे घरातून जाणार. या जिल्ह्यात दसऱ्यानंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. मागे म्हातारी माणसे, जनावरे आणि शाळेतली भावंडे उरतात. त्यांच्यापाशी राहिलेल्या तरुणाने वर्षभर बाहेर जायचे, तर त्याची किंमत नुसत्या भाड्यात मोजता येत नाही. निवड होऊनही न गेलेल्या मुलांना जिद्द नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. त्यांनी हिशेब केला आणि तो जमला नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, पालीसारख्या गावातल्या विद्यार्थ्याने पहिली इंटर्नशिप सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल, इतक्याच टप्प्यात शोधावी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. मुलींच्या बाबतीत हा हिशेब आणखी हलका होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : बीडमध्ये आहेच काय? इथे कंपन्या कुठल्या? या प्रश्नात एक गृहीत धरलेले आहे, की इंटर्नशिप म्हणजे काचेची इमारत आणि गळ्यात ओळखपत्र. मराठीत या गोष्टीला फार जुना शब्द आहे, उमेदवारी. निवडणुकीने तो पळवण्याआधी कचेरीत, पेढीवर किंवा वकिलाच्या हाताखाली पुढच्या आशेने काम शिकणारा तो उमेदवार, असाच त्याचा वापर होता; १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या मुलाला आजही ‘शिकाऊ उमेदवार’च म्हणतात. त्या अर्थाने पाहिले की बीड रिकामे दिसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सनदी लेखापालांची कार्यालये आहेत, आणि मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्याने ठेवीदार ज्या जिल्ह्यात रस्त्यावर आले, तिथे ताळेबंद वाचता येणाऱ्या पोराची किंमत कुणाला समजावून सांगावी लागू नये. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गर काढणे, शीतसाखळी, वेष्टन, बाजारभाव यांतला प्रत्येक टप्पा कृषी किंवा अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला शिकण्याजोगा आहे, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब ठेवणारी माणसे लागतातच. आयटीआय झालेल्यांसाठी एसटी आणि महावितरण शिकाऊ उमेदवारांच्या जागा काढतात. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. ते रोज ये-जा करण्याच्या टप्प्यात नाही, पण जिल्ह्यातलेच आहे. आणि खुद्द पालीत एचआयव्हीबाधित मुलांसाठी काम करणारी इन्फंट इंडिया ही संस्था आहे. समाजकार्य शिकणाऱ्याने पुण्यातल्या संस्थांना पत्रे लिहिण्याआधी आपल्या गावातल्या संस्थेच्या दारी जाऊन काय मदत हवी, ते विचारायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असल्यास ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. वयाची अट १८ ते ३५. नोंदणी महास्वयम संकेतस्थळावर. शाळा, ग्रामपंचायती, तहसील कचेऱ्या अशा घराजवळच्या ठिकाणी जागा असल्याने मुले मोठ्या संख्येने रुजू झाली. मी वर केलेल्या दाव्याला याहून चांगला पुरावा नाही : अंतर कमी केले की मुले येतात. पण मुदत सहा महिन्यांची होती, ती २०२५ मध्ये अकरा महिन्यांपर्यंत वाढवली, आणि ती संपल्यावर पुढे काय, या प्रश्नावर प्रशिक्षणार्थींना आंदोलने करावी लागली. कायम करा, अशी त्यांची मागणी होती. रिक्त पदांचे काम कमी पैशांत करून घेतले, हा त्यांचा आरोप झटकून टाकता येणार नाही. जिथे पद रिकामे आहे तिथे प्रशिक्षणार्थी बसवून भरती लांबवणे चूकच आहे, आणि ते सरकारला सांगत राहिले पाहिजे. मात्र विद्यार्थ्याच्या हातात आज काय आहे, हा प्रश्न वेगळा आहे. अकरा महिन्यांनी हाती आलेल्या प्रमाणपत्रावर ‘कार्यालयीन कामकाज’ एवढेच लिहिले असेल, तर पुढच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. ‘ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदी संगणकावर घेतल्या, थकबाकीदारांची यादी वॉर्डानुसार तयार केली’ असे लिहिलेले असेल, तर बँकेतला अधिकारीही ते थांबून वाचेल.

म्हणून अर्ज करतानाच कामाचे नाव घेऊन जावे. ‘मला आपल्याकडे इंटर्नशिप मिळावी, ही नम्र विनंती’ या पत्राला उत्तर येत नाही, कारण समोरच्याला या मुलाचे काय करायचे, ते कळत नाही. छोट्या कार्यालयाचा मालक आधीच कामात बुडालेला असतो. त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न ठेवू नये. त्याऐवजी आधी चार दिवस त्या धंद्याची माहिती काढावी आणि अर्ध्या पानात तीन गोष्टी लिहाव्यात : मला काय येते, मी आपले कोणते काम करू शकेन, आणि आठवड्यातले किती तास, कोणत्या महिन्यापर्यंत. नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. चार श्रेयांक म्हणजे साधारण १२० तास. महाविद्यालयाचे पत्र सोबत असले की अनोळखी माणसाचाही विश्वास बसतो, आणि तासांचा आकडा पाहून त्याची भीतीही कमी होते. पत्र ई-मेलने पाठवले तरी बीडसारख्या गावात स्वतः जाऊन भेटावे. मार्चअखेरीस लेखापालाकडे जाऊ नये, सीताफळाचा हंगाम ऐन भरात असताना प्रक्रिया करणाऱ्याकडेही जाऊ नये. महिना-दोन महिने आधी गेलेल्याला जागा मिळते. नोंदणी, गणवेश किंवा ‘खात्रीच्या प्रमाणपत्रा’साठी आधी पैसे मागणाऱ्याच्या दारातून मात्र तिथल्या तिथे मागे फिरावे.

तिसरा आक्षेप पालकांचा नसतो, मुलांचा असतो : असे केले तर आम्ही बीडमध्येच अडकून पडू. ही भीती खरी आहे, कारण मराठवाड्यात घराजवळच्या तुटपुंज्या कामात पिढ्या अडकलेल्या आहेत. पण क्रम पाहावा. पदवीनंतरच्या शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्राची नॅट्स ही व्यवस्था आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले, आणि तीस किंवा त्याहून जास्त माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. वाळूजला, शेंद्र्याला अशी आस्थापने पुष्कळ आहेत. तिथल्या मुलाखतीत ‘आजवर काय काम केले?’ असे विचारल्यावर ज्याच्याकडे १२० तासांचे सांगण्याजोगे काम आहे, त्याला बोलता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, त्यामुळे ये-जा करण्याचा टप्पाही थोडा वाढला आहे. बाहेर जाऊच नये, असे मी म्हणत नाही. बाहेर जाताना सोबत केलेल्या कामाची वही असावी, म्हणजे पाच हजारांच्या जागेऐवजी नऊ हजारांची जागा मागता येते, आणि घरच्यांनाही तो हिशेब पटतो.

ही वही कशी ठेवायची आणि कार्यालयाकडून अनुभवपत्र कोणत्या शब्दांत मागायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.