डांगे धनगर

महाराष्ट्रातील धनगरांची एक पोटजात. डांग म्हणजे डोंगराळ अरण्यप्रदेश. त्यावरून हे नाव पडले. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड इ. तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर व उतारांवर त्यांचे धनगरवाडे आहेत. पठारावरील धनगर मुख्यतः मेंढपाळ, तर डांगे धनगर गाई-म्हशी पाळणारे. लोणी-तूप विकणे व डोंगरउतारावर नाचणी पिकविणे हे त्यांचे पारंपरिक व्यवसाय होत.

दाजीपूर अभयारण्य १९५८ मध्ये घोषित झाले. १९८५ मध्ये विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले व २०१२ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाले. वनसंरक्षणाबरोबर चराई व फिरती शेती यांवर निर्बंध आले, कुरणे आक्रसली आणि तरुण मजुरीसाठी शहरांकडे वळले. रस्ता, शाळा व दवाखाना यांच्या ओढीनेही काही कुटुंबे खाली उतरली.

धनगर समाजाची सामूहिक परंपरा मात्र टिकून आहे. पट्टणकोडोली (ता. हातकणंगले) येथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण, ढोलाच्या तालावरील गजीनृत्य व पाऊसपाण्याची भाकणूक आजही होते. नृत्य व ओवी यात्रेत जतन होऊ शकतात. गवताची, पाणवठ्याची व गुरांच्या दुखण्याची पारख मात्र गुरे राखल्याविना पुढील पिढीकडे जात नाही.