तिसऱ्या गोळीच्या आधी

मुलाला फिट येतात असे निदान झाले की डॉक्टर एक औषध सुरू करतात. त्याने भागले नाही तर दुसरे, मग तिसरे, चौथे. प्रत्येक नव्या औषधाबरोबर घरच्यांची आशा नव्याने पालवते, पण आकडे तेवढी आशा देत नाहीत. ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधी कोणतेही औषध न घेतलेले लहानमोठे 470 रुग्ण होते. त्यांतल्या 47 टक्क्यांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या. दुसऱ्या औषधाने आणखी 13 टक्क्यांच्या थांबल्या. तिसऱ्या औषधाने जेमतेम एका टक्क्याची भर पडली आणि दोन औषधे एकत्र देऊन आणखी 3 टक्क्यांची. त्यानंतर नवी औषधे पुष्कळ आली, तरी सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांना दाद देत नाहीत हे चित्र फारसे पालटलेले नाही. म्हणूनच, योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणावे, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने 2010 साली केली. या टप्प्यावर तिसरे औषध लिहून देण्याआधी दुसऱ्या वाटांचा विचार व्हायला हवा. कीटोजेनिक आहार ही त्यांतली एक वाट. आपल्याकडे ती बहुधा सगळे करून थकल्यावर सुचवली जाते, आणि चूक नेमकी तिथे होते.

या आहाराचे तत्त्व जुने आहे. उपाशी राहिल्यावर फिट्स कमी होतात हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण मुलाला कायम उपाशी ठेवता येत नाही. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी त्यावर तोड सुचवली. उपवासात शरीर साखरेऐवजी चरबी जाळते आणि यकृतात कीटोन तयार होतात. मग जेवणातली पिष्टमय द्रव्ये जवळपास काढून टाकून त्यांच्या जागी स्निग्ध पदार्थ दिले तर पोट भरलेले असतानाही शरीराची तीच अवस्था राखता येईल. अभिजात पद्धतीत 4 ग्रॅम स्निग्ध पदार्थामागे प्रथिने आणि पिष्टमय द्रव्ये मिळून फक्त 1 ग्रॅम असतात, म्हणजे दिवसभरातल्या उष्मांकांपैकी 90 टक्के स्निग्धातून येतात. वजन उतरवण्यासाठी लोक ज्याला ‘कीटो’ म्हणतात त्याच्याशी याचे साम्य वरवरचे आहे. इथे मुलाचे वय, वजन आणि वाढ पाहून प्रत्येक घास हिशेबाने ठरतो आणि काट्यावर तोलला जातो. फिट्स नेमक्या कशाने थांबतात याचे एकच एक उत्तर नाही. मेंदूला मिळणारे वेगळे इंधन, चेतापेशींच्या उत्तेजनाला बसणारा आळा, आतड्यातल्या जिवाणूंमधला बदल असे अनेक धागे संशोधक तपासत आहेत.

इतका उपयोगी उपाय मागे का पडला, याचे उत्तर 1938 सालात आहे. त्या वर्षी मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइनचा अपस्मारावरचा गुण दाखवून दिला. वाटीतले तूप ग्रॅमवर मोजण्यापेक्षा गोळी देणे कितीतरी सोपे, त्यामुळे आहार मोजक्या रुग्णालयांपुरता उरला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांनी तो जपला. पुढे हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या मुलाच्या औषधांना न बधलेल्या फिट्स तिथे याच आहाराने थांबल्या. अब्राहम्स यांनी 1994 साली त्याच्या प्रसारासाठी संस्था काढली आणि 1997 साली मेरिल स्ट्रीपला घेऊन ‘फर्स्ट डू नो हार्म’ हा दूरचित्रपट केला. त्यातून मागणी वाढली. मात्र एका मुलाची गोष्ट कितीही हृदयस्पर्शी असली तरी तो पुरावा होत नाही.

पुरावा नंतर आला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या चमूने 2008 साली 145 मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निदान दोन औषधे निकामी ठरलेल्या या मुलांची यादृच्छिकपणे दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाने लगेच आहार सुरू केला, दुसरा तीन महिने थांबला. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्यांपैकी 38 टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. थांबलेल्या गटात हे प्रमाण 6 टक्के होते. दिल्लीच्या एम्समध्ये सुधारित ॲटकिन्स आहार या थोड्या सैल प्रकाराची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 साली आले. 102 मुलांच्या या चाचणीत फिट्स निम्म्याहून कमी होण्याचे प्रमाण आहाराच्या गटात 52 टक्के आणि दुसऱ्या गटात 11.5 टक्के होते. सगळी मुले बरी होतात असा याचा अर्थ नाही. बऱ्याच जणांना काहीच फरक पडत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या औषधाच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहिले की आहाराला रांगेच्या शेवटी उभे करण्याचे कारण सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो वजनदार आहे. गोळीची तुलना दिसायला तशाच खोट्या गोळीशी करता येते. तुपाने भरलेल्या ताटाचे तसे सोंग करता येत नाही. आपले मूल कोणत्या गटात आहे हे आईवडिलांना माहीत असते आणि फिट्सची नोंदही तेच ठेवतात. कॉक्रेन संस्थेच्या 2020 सालच्या आढाव्यानेही उपलब्ध पुराव्याची खात्रीशीरता कमी ते अत्यंत कमी ठरवली. फ्रीमन यांनी ही अडचण ओलांडायचा प्रयत्न केला. आहारावरच्या 20 मुलांना आलटूनपालटून ग्लुकोजचे किंवा सॅकरिनचे पेय दिले आणि कोणते कधी हे पालकांपासून लपवले. दोन्हींतला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, मात्र ग्लुकोज देऊनही कीटोन पुरते गेले नव्हते, त्यामुळे ही कसोटीच अपुरी राहिली. तरी आहाराच्या परिणामाला केवळ पालकांचा भास म्हणता येत नाही, कारण काही आजारांत त्याचे कारण उघड दिसते. ग्लुट-1 नावाच्या वाहक प्रथिनाच्या कमतरतेत साखर मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाही. कीटोन दुसऱ्या वाटेने पोचतात. म्हणून या आजारात कीटोजेनिक आहार हाच पहिला उपचार मानला जातो.

दुसरा आक्षेप व्यवहारातला. आपले रोजचे जेवण भात, पोळी, भाकरी आणि वरणाभोवती फिरते. सुधारित ॲटकिन्स आहारात दिवसभरात 10 ते 20 ग्रॅम पिष्टमय द्रव्ये चालतात, आणि एका मध्यम पोळीतच जवळपास तेवढी भरतात. साखर औषधाच्या सिरपमध्येही दडलेली असते. घरात पाहुणे, सणवार, भावंडांच्या ताटातले लाडू, आजीने मायेने हातावर ठेवलेला गूळ, हे सगळे आडवे येते. हॉपकिन्सने 1998 साली मांडलेल्या 150 मुलांच्या अनुभवातही वर्षाअखेर 55 टक्केच मुले आहारावर टिकली होती. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. साजूक तूप, लोणी, साय, नारळ, पनीर, अंडी, तीळ आपल्या स्वयंपाकघराला परके नाहीत. मुंबईत डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी भारतीय पदार्थांतून हा आहार राबवला आणि 2009 साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये तो अनुभव मांडला. शिवाय हा जन्माचा नेम नाही. साधारण तीन महिन्यांत गुण दिसला नाही तर आहार थांबवता येतो. दिसला तर बहुधा दोनेक वर्षे चालवून हळूहळू सोडवतात. शेवटी अडते ते पाककृती बसवून देणाऱ्या आणि कुटुंबाच्या पाठीशी राहणाऱ्या प्रशिक्षित आहारतज्ज्ञापाशी. अपस्मारावर उपचार करणाऱ्या रुग्णालयात ते पद हवेच.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो या आहाराच्या उत्साही समर्थकांनी आधी ऐकावा. खाण्यापिण्याचे आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज घातक आहे. बद्धकोष्ठ, उलट्या, रक्तातली आम्लता, मूतखडे, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि खुंटलेली वाढ हे दुष्परिणाम होतात. म्हणून जीवनसत्त्वे, कॅल्शियम आणि ठरावीक काळाने रक्त-लघवीच्या तपासण्या लागतात. चरबी जाळण्याच्या प्रक्रियेतच जन्मजात दोष असलेल्या मुलाचा तर जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून ते दोष आधी तपासून घ्यावे लागतात. आहार सुरू केला म्हणून चालू गोळ्या मनाने बंद केल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते. व्हिडिओ पाहून घरी करायचा हा प्रयोग नव्हे.

आहाराची जागा नेमकी ठरवताना शस्त्रक्रियेलाही विसरता येत नाही. फिट्स मेंदूच्या एका मर्यादित भागातून उगम पावत असतील तर तो भाग काढण्याचा गुण कितीतरी मोठा आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या 77 टक्के मुलांना वर्षअखेरीस फिट्स नव्हत्या. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. अशा मुलाला आहारावर अडकवून ठेवणे म्हणजे त्याचे नुकसान करणे. ज्यांना शस्त्रक्रिया लागू नाही, त्यांच्यासाठी आहाराचा गंभीर विचार दोन औषधांनंतर व्हावा, असे तज्ज्ञांच्या 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही म्हटले आहे. कारण लहानपणी वाया गेलेला काळ भरून निघत नाही. वाढत्या मेंदूवर रोज फिट्सचा मारा होत राहिला तर बोलणे, चालणे, शिकणे मागे पडते. म्हणून दुसरे औषध फसले की पालकांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: शस्त्रक्रियेसाठी तपासणी झाली का, आणि आहार का नको? दुसऱ्या प्रश्नाला ‘नको’ असे उत्तर आले तरी चालेल, मात्र त्यामागे मुलाच्या आजारातले कारण असावे. तज्ज्ञ मिळत नाही किंवा सुचलेच नाही, हे कारण नसावे.