तिसऱ्या क्रमांकाची कंपनी : क्रायस्लरचा उदय, पडझड आणि पुनरुभारणी

अमेरिकी मोटार उद्योगाचा इतिहास बहुधा फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन नावांभोवती लिहिला जातो. परंतु या उद्योगाचे अर्थकारण ज्याला मुळातून समजून घ्यायचे असेल, त्याने डेट्रॉइटमधील तिसऱ्या कंपनीकडे, म्हणजे क्रायस्लरकडे, आधी पाहावे. नव्या मोटारीचा आराखडा, पोलादी पत्र्याला आकार देणारे साचे, इंजिन घडवणारी यंत्रे आणि चाचण्या यांवर होणारा खर्च गाड्या दोन लाख विकल्या काय किंवा दहा लाख विकल्या काय, जवळपास तेवढाच राहतो. जनरल मोटर्सला हा बोजा कितीतरी अधिक गाड्यांवर वाटता येई. क्रायस्लरला तो थोड्या गाड्यांवर वाटावा लागे आणि त्यामुळे प्रत्येक गाडीमागे हाती उरणारी रक्कम तोकडी राही. तेजीच्या वर्षांत ही उणीव झाकली जाई, मंदी आली की उघडी पडे. १९७९ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये ही कंपनी बुडण्याच्या बेतात आली, त्याला व्यवस्थापनाच्या चुका कारणीभूत होत्याच. परंतु तशाच चुका प्रतिस्पर्ध्यांनीही केल्या होत्या आणि त्या पचवण्याइतकी गंगाजळी त्यांच्यापाशी होती.

संस्थापक वॉल्टर पर्सी क्रायस्लर (१८७५–१९४०) हा कॅन्सस राज्यातील एलिस या रेल्वेच्या गावात वाढलेला आणि रेल्वेच्याच कर्मशाळेत हाताने काम शिकलेला यंत्रकारागीर होता. १९०८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्याने लोकोमोबिल कंपनीची ५,००० डॉलरची मोटार घेतली, ती घेण्यासाठी ४,३०० डॉलर कर्ज काढले आणि ती रस्त्यावर नेण्याआधी घरी पुन्हा पुन्हा सुटी करून जोडून पाहिली. पुढे जनरल मोटर्सच्या ब्यूइक कंपनीत कारखाना सांभाळताना त्याने रेल्वेच्या कर्मशाळेतील काटेकोर शिस्त मोटारीच्या उत्पादनात आणली, आणि जनरल मोटर्स सोडल्यावर बँकांनी त्याला डबघाईला आलेल्या विलिस-ओव्हरलँड व मॅक्सवेल या कंपन्या सावरण्यासाठी बोलावले. आजारी कारखाने बरे करणारा माणूस हीच त्याची ख्याती होती, आणि त्याची स्वतःची कंपनीही अशाच एका आजारी कारखान्यातून, मॅक्सवेलमधून, ६ जून १९२५ रोजी उभी राहिली.

तिच्या जन्माआधीच, १९२४ मध्ये, तिची पहिली गाडी ‘क्रायस्लर सिक्स’ बाजारात आली होती. फ्रेड झेडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर या तीन अभियंत्यांनी घडवलेल्या या गाडीत दोन गोष्टी मध्यम किमतीच्या मोटारीत सहसा न आढळणाऱ्या होत्या : इंधन आणि हवेचे मिश्रण अधिक दाबून अधिक शक्ती काढणारे सहा सिलिंडरचे इंजिन, आणि चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक, म्हणजे पायाचा जोर नळ्यांमधील द्रवामार्फत चारही चाकांपर्यंत सारखा पोचवणारी योजना. पहिल्याच वर्षी सुमारे ३२,००० गाड्या खपल्या. १९२८ मध्ये क्रायस्लरने आपल्याहून मोठी असलेली डॉज ब्रदर्स ही कंपनी घेतली, त्याच वर्षी स्वस्त गटात ‘प्लिमथ’ आणि मधल्या गटात ‘डिसोटो’ ही नावे आणली, आणि तिशीच्या दशकात, महामंदी चालू असतानाच, फोर्डला मागे टाकून दुसरे स्थान मिळवले. न्यूयॉर्कची क्रायस्लर इमारत याच काळातली, १९३० मध्ये पूर्ण झालेली. तिचा खर्च मात्र कंपनीच्या तिजोरीतून झाला नव्हता, तो वॉल्टर क्रायस्लरने स्वतः उचलला होता.

अभियंत्यांच्या हाती सूत्रे असलेल्या या कंपनीला ग्राहकाच्या मनाचा ठाव घेणे मात्र नेहमी जमले नाही. १९३४ ची ‘एअरफ्लो’ ही मोटार वातबोगद्यात, म्हणजे प्रतिकृतीवरून वेगाने वारा सोडून हवेचा अडथळा मोजणाऱ्या यंत्रणेत, पारखून आकारलेली होती. प्रवाशांची आसने तिच्यात पुढे सरकवल्यामुळे धक्केही कमी बसत. पण तिचे गोलसर नाक लोकांना रुचले नाही आणि १९३७ नंतर ती बंद झाली. उत्तम यंत्र आणि फसलेली विक्री असा हा प्रकार पुढेही घडत राहिला. दुसऱ्या महायुद्धात ग्राहकाची मर्जी हा प्रश्नच उरला नव्हता, आणि कंपनीने चालवलेल्या मिशिगनमधील रणगाडा कारखान्यातून २२,००० हून अधिक रणगाडे बाहेर पडले. युद्धानंतर १९५१ चे ‘हेमी’ इंजिन, ज्याच्या ज्वलनकक्षाचे छत अर्धगोलाकार असल्यामुळे मोठ्या झडपा बसवता येतात आणि इंजिनाला श्वास घेणे सोपे जाते, हे अमेरिकी शर्यतींमध्ये दंतकथेसारखे झाले. १९५७ मध्ये रेखाटनकार व्हर्जिल एक्स्नर याच्या शेपटीदार, जमिनीलगतच्या गाड्यांनी बाजार जिंकला खरा, पण घाईने बाजारात आणलेल्या त्या गाड्या लवकर गंजल्या, आणि दुरुस्तीला यायला लागलेल्या गाड्यांबरोबर कंपनीची पत ढासळू लागली.

साठच्या दशकात ब्रिटनमधील रूट्स, फ्रान्समधील सिम्का आणि स्पेनमधील बॅरेरोस या दुबळ्या कंपन्या विकत घेऊन क्रायस्लरने आपला पसारा वाढवला. त्यामागे आर्थिक बळ नव्हते. १९७३ च्या तेलसंकटात अमेरिकी ग्राहक लहान जपानी गाड्यांकडे वळला तेव्हा मोठ्या गाड्यांवर विसंबलेली ही कंपनी उघड्यावर पडली. त्यातच कारखान्याची एक जुनी खोड तिला भोवली : विक्रेत्यांची मागणी नसतानाही गाड्या बनवून त्या मोकळ्या मैदानांत साठवायच्या आणि महिनाअखेर सूट देऊन विक्रेत्यांच्या गळ्यात मारायच्या. कागदावर उत्पादन दिसे. प्रत्यक्षात पैसा उघड्यावर उन्हापावसात गंजत उभा असे, आणि महिनाअखेरची वाट पाहायला सरावलेला विक्रेता मूळ किमतीला गाडी कशाला उचलील? १९७६ च्या ‘व्होलारे’ आणि ‘ॲस्पेन’ या गाड्या दोषांमुळे वारंवार परत बोलवाव्या लागल्या. १९७८ मध्ये युरोपातील व्यवसाय प्यूजोला विकून टाकण्याची वेळ आली.

त्याच वर्षी जुलैमध्ये हेन्री फोर्ड दुसरा याने आपल्या कंपनीच्या अध्यक्षपदावरून काढून टाकलेला ली आयाकोका २ नोव्हेंबर १९७८ रोजी क्रायस्लरमध्ये रुजू झाला. या माणसाच्या वक्तृत्वावर आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर इतके लिहिले गेले आहे, की त्याने केलेले खरे काम झाकोळून जाते. त्याने प्रथम मागणीविना उत्पादनाची पद्धत बंद केली, कोणाला काय अधिकार आहे हेच स्पष्ट नसलेल्या हिशेब विभागाची घडी बसवली आणि फोर्डमधील जाणत्या माणसांना बोलावून घेतले. या माणसांपैकी हॅल स्पर्लिक तर त्याच्या आधीच येऊन पोचला होता. तरीही १९७९ चा तोटा १.१ अब्ज डॉलरवर आणि १९८० चा १.७ अब्जांवर गेला, कारण इराणमधील क्रांतीनंतर पेट्रोल पुन्हा भडकले आणि पाठोपाठ व्याजाचे दरही चढले.

कंपनीने अमेरिकी सरकारकडे हात पसरले आणि वॉशिंग्टनमध्ये मोठा वाद उसळला. बुडणाऱ्याला बुडू देणे हाच बाजाराचा न्याय, असे एक बाजू म्हणत होती. लाखो लोकांचा रोजगार गेला तर बेकारभत्ता आणि बुडालेला कर यांचा भार सरकारवरच येईल, असे दुसरी. ७ जानेवारी १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तोडगा निघाला तो कर्जहमीचा : सरकार स्वतः पैसे देणार नव्हते, तर कंपनीने बाजारातून उभारलेल्या १.५ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला जामीन राहणार होते. या कायद्याचे शहाणपण त्याच्या अटींत आहे. कामगारांनी वेतनात, बँकांनी व्याजात आणि मुदतीत, पुरवठादारांनी दरांत आणि राज्यांनी आपापल्या परीने सवलत दिल्याशिवाय हमी मिळणार नव्हती. आयाकोकाने वर्षाला एक डॉलर वेतन घेतले त्याचे कौतुक फार झाले. पण खरा त्याग नोकरी गमावलेल्या हजारो कामगारांचा आणि ज्यांनी करारात कबूल झालेले वेतन सोडले त्यांचा होता. हॅमट्रॅमक येथील ‘डॉज मेन’ हा जुना, प्रचंड कारखाना जानेवारी १९८० मध्ये कायमचा बंद झाला. कामगार संघटनेचा अध्यक्ष डग्लस फ्रेझर याला संचालक मंडळावर घेण्यात आले, आणि अमेरिकेच्या मोठ्या उद्योगात ही अपूर्व गोष्ट होती.

हमीने मिळाला तो केवळ अवधी. कंपनीला वाचवायला गाडीच लागणार होती. १९८० च्या शरदात आलेल्या ‘के’ गाड्या, म्हणजे ‘प्लिमथ रिलायंट’ आणि ‘डॉज एरीज’, दिसायला साध्या, चौकोनी होत्या. परंतु इंजिन आडवे बसवून पुढच्याच चाकांना शक्ती दिल्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा आणि त्यासाठी लागणारा तळावरचा उंचवटा नाहीसा झाला होता आणि छोट्या गाडीत सहा माणसे बसत होती. सुरुवातीला कारखान्याने महागड्या जोडसोयी लावलेल्या गाड्याच विक्रेत्यांकडे पाठवल्या, त्यामुळे स्वस्त गाडीच्या शोधात आलेला ग्राहक किंमत पाहून परत फिरला. ही चूक सुधारल्यावर विक्री वाढली. याहूनही महत्त्वाचे म्हणजे हाच सांगाडा ताणून, आखडून, वर निराळे अंग चढवून दशकभर अनेक गाड्या काढल्या गेल्या. थोड्या गाड्यांवर मोठा खर्च वाटण्याच्या जन्मजात अडचणीवर तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीने शोधलेले ते उत्तर होते. ना नफा ना तोटा गाठण्यासाठी विकाव्या लागणाऱ्या गाड्यांची संख्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली.

याच मांडणीतून १९८३ च्या अखेरीस ‘मिनीव्हॅन’ जन्मली. स्पर्लिक आणि आयाकोका यांनी ही कल्पना फोर्डमध्ये मांडली होती आणि तेथे ती नाकारली गेली होती. तळ सपाट आणि बुटका, बाजूला सरकणारे दार, सात जणांची जागा, उंची मात्र घराच्या साध्या गॅरेजमध्ये शिरेल इतपतच : अशी गाडी त्या काळी अमेरिकेत कोणाकडेच नव्हती, आणि मुलाबाळांच्या कुटुंबाने ती उचलून धरली. कॅनडातील विंडसरचा कारखाना तिच्यामुळे गजबजला. त्याआधीच, जुलै १९८३ मध्ये, कंपनीने हमीखालील सर्व, म्हणजे १.२ अब्ज डॉलरचे, कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले. सरकारला हमीच्या बदल्यात मिळालेले समभाग खरेदीचे हक्क कंपनीनेच ३१ कोटी १० लाख डॉलरला परत घेतले. आणि १९८४ चा नफा २.४ अब्ज डॉलर होता.

हा पैसा हाती आल्यावर जुनी हाव परतली. गल्फस्ट्रीम ही विमान कंपनी आणि इटलीची लॅम्बोर्गिनी घेण्यात आली, आणि ‘के’ सांगाड्याला पर्याय शोधण्याचे काम मागे पडले. १९८७ मधील अमेरिकन मोटर्सची खरेदी मात्र दूरदृष्टीची ठरली, कारण तिच्यासोबत ‘जीप’ हे नाव आणि फ्रान्स्वा कास्तें यांच्यासारखा अभियंता आला. कास्तें आणि बॉब लुट्झ यांनी रेखाटन, अभियांत्रिकी, खरेदी आणि उत्पादन या विभागांच्या भिंती पाडून एका गाडीवर काम करणारी सगळी माणसे एकत्र बसवली, आणि नव्वदच्या दशकात क्रायस्लर ही कमी खर्चात झटपट नव्या गाड्या आणणारी कंपनी म्हणून नावाजली गेली. मग १९९८ मध्ये डाइमलर-बेंझने ३६ अब्ज डॉलरच्या सौद्यात तिला जोडून घेतले. ‘बरोबरीचे एकत्रीकरण’ म्हणून गाजवलेल्या या सौद्यात बरोबरी नव्हती, हे अमेरिकी अधिकारी एकामागून एक बाहेर पडले तेव्हा सर्वांनाच कळून चुकले. २००७ मध्ये डाइमलरने ८०.१ टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक संस्थेला विकला तेव्हा मोटारीच्या धंद्याची जाण आणि नव्या गाड्यांसाठी लागणारा पैसा या दोन्हींची वानवा झाली.

२००८ ची मंदी आणि पेट्रोलची दरवाढ या कंपनीला झेपणारी नव्हती. ३० एप्रिल २००९ रोजी तिने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले आणि अवघ्या ४२ दिवसांत तिची चांगली मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली. ७८९ विक्रेत्यांचे परवाने रद्द झाले, तारणावर कर्ज देणाऱ्यांना डॉलरमागे २९ सेंट मिळाले, आणि मोठा हिस्सा निवृत्त कामगारांच्या आरोग्यनिधीकडे गेला. इटलीच्या फिॲटला रोख रक्कम न देता, लहान गाड्यांच्या तंत्रज्ञानाच्या बदल्यात, सुरुवातीला २० टक्के हिस्सा मिळाला. तिचा प्रमुख सर्जिओ मार्किओने याने वरच्या मजल्यावरील ऐसपैस दालन सोडून अभियंत्यांच्या मजल्यावर बैठक मांडली. नवी ‘ग्रँड चेरोकी’ आली, जुन्या गाड्यांची अंतर्भागांपासून डागडुजी झाली, आणि मे २०११ मध्ये शिल्लक सरकारी कर्ज फेडले गेले. सगळा हिशेब मिटल्यावर अमेरिकी करदात्याला सुमारे १.३ अब्ज डॉलरची झीज सोसावी लागली, ही बाब १९८३ च्या फायद्यापुढे झाकू नये.

क्रायस्लर आणि फिॲट यांची गाठ मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये भारतात मोटारी बनवण्यासाठी क्रायस्लरशी करार केला, ब्रिटिश सरकारच्या अनास्थेमुळे काम रखडले, आणि १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे त्याच कारखान्याने फिॲटशी करार केला, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ज्या ‘पद्मिनी’ची झाली, ती फिॲट ११०० चाच अवतार होती. अमेरिकेत ज्या दोन कंपन्या २००९ मध्ये एकत्र आल्या, त्यांच्या गाड्या कुर्ल्यात एका छपराखाली अर्धशतकाहून अधिक आधी तयार झाल्या होत्या. २०१७ पासून ‘जीप कंपास’ पुण्याजवळच्या रांजणगाव येथे बनते, आणि तेथून ती परदेशांतही जाते.

मार्किओनेचा जुलै २०१८ मध्ये मृत्यू झाला. जानेवारी २०२१ मध्ये फिॲट-क्रायस्लर आणि प्यूजोचा समूह मिळून ‘स्टेलांटिस’ तयार झाली. ज्या प्यूजोला क्रायस्लरने १९७८ मध्ये आपला युरोपीय व्यवसाय विकला होता, तीच आता तिची भागीदार आहे. साच्यांचा आणि यंत्रांचा खर्च आता चौदा नावांवर वाटता येतो, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाची जुनी अडचण मिटली. परंतु कोणत्या नावाला नवी गाडी मिळणार हे ठरवणारे केंद्र अटलांटिकपलीकडे गेले. २०२३ मध्ये ‘३००’ ही मोटार बंद झाल्यावर ‘क्रायस्लर’ या बिल्ल्याखाली विंडसरची मिनीव्हॅन तेवढी उरली आहे. त्याच वर्षी इलिनॉयमधील बेल्व्हिडिअरचा कारखाना थांबवला गेला होता. तो पुन्हा चालू करण्याचे वचन कामगार संघटनेने शरदातील संपात कंपनीकडून मिळवले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतील १३ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीत बेल्व्हिडिअरच्या कामाचा समावेश आहे.